खोबरेल वितळेपर्यंत

चेसापीकच्या उपसागरातला ऑक्टोबर दोन धाकांच्या कात्रीत सापडलेला असतो. दक्षिणेकडे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत संपत नाही, आणि उत्तरेकडून थंडी रोज थोडी थोडी खाली सरकत असते. मेरीलँडच्या खाड्यांतून ज्या शिडाच्या बोटी हिवाळा काढायला बहामा बेटांकडे जातात, त्या लवकर निघाल्या तर वादळाच्या वाटेत येतात. उशीर झाला तर पहाटे डेकवर गोठलेल्या दहिवरावरून घसरत घसरत दोर सोडावे लागतात. या पेचावर विमा कंपन्यांनी आपल्यापुरता उपाय काढला आहे. पॉलिसीत एक रेषा आणि एक तारीख दिलेली असते. त्या तारखेआधी त्या रेषेच्या दक्षिणेला बोट गेली आणि वादळानं तिचं काही बरंवाईट केलं, तर ते तुमचं तुम्ही निस्तरा. आमच्या कोकणात दर्यावर कधी जायचं ते नारळी पौर्णिमा ठरवते. इथे ते बारीक अक्षरातलं कलम ठरवतं, आणि कलमाला नारळ वाहण्याची सोय नाही.

बंदी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी लागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनला मासेमारी थांबते आणि होड्या वर ओढून शाकारल्या जातात. अटलांटिकमधला वादळांचा हंगामही १ जूनलाच सुरू होतो. नवऱ्याला ही गोष्ट मी मोठ्या कौतुकानं सांगितली. तो तेव्हा इंजिनाखाली होता. आतून "हं" एवढंच आलं.

हा नवरा निवृत्त झाला आणि त्यानं ३४ फुटी जुनी बोट घेतली, ती अ‍ॅनापोलिसला. हे गाव अमेरिकन नौदलाच्या अकादमीचं, आणि त्याहून जास्त शिडाच्या बोटींचं. १९७० पासून इथे शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं, ते ऑक्टोबरातच. नव्या कोऱ्या बोटीवर चढण्याआधी बूट काढून खाली ठेवावे लागतात. ते इतकं ओळखीचं वाटतं की आत गेल्यावर हात आपोआप जोडले जातील की काय अशी मला धास्ती असते. जुन्या बोटींचे मालक मात्र या दर्शनरांगेत फारसे नसतात. ते तंबूंमधल्या दुकानांत स्क्रू, कप्प्या, दोर आणि रबरी वॉशर यांच्या ढिगाऱ्यात हरवलेले असतात. प्रत्येकाच्या हातात घडी घालून घालून मऊ झालेला कागद असतो. तीच ती यादी.

यादी वरवर पाहिली तर सामानाची आणि कामांची असते. मी ती बरीच वर्षं तशीच वाचत होते. यंदा रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून नवरा एकेक ओळ वाढवायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातली एकही ओळ खरं तर वस्तूची नाही. 'लाकडी बुचं, ८' असं लिहिलेलं असतं. बोटीचं एकमेव काम म्हणजे पाणी बाहेर ठेवणं. तरी तिच्या पाण्याखालच्या भागाला आपणच भोकं पाडलेली असतात: एक इंजिन गार ठेवायला, एक संडासाला, एक मोरीला. प्रत्येक भोकाला झडप असते. झडप तुटलीच तर ठोकून बसवायला निमुळतं लाकडी बूच तिथेच दोरीनं बांधून ठेवायचं असा शहाण्यांचा रिवाज आहे. म्हणजे 'लाकडी बुचं, ८' याचा अर्थ असा की रात्री तीन वाजता जाग यावी, पाय खाली टाकावेत आणि ते घोट्यापर्यंत ओले व्हावेत. नवऱ्यानं हे चित्र डोळ्यांसमोर आणलं, त्याला घाम फुटला आणि त्यानं दुकानात जाऊन बुचं आणली. मग ते चित्र एका कप्प्यात बंद झालं आणि तो झोपला. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ.

एकदा हे कळल्यावर कुणाच्याही बोटीची कपाटं उघडून बघावीशी वाटतात. माणूस कशाला भितो ते त्यानं काय दोन-दोन घेतलंय यावरून समजतं.

नवरा इंजिनाला भितो. तो जन्मभर यंत्रांतच वावरला, त्यामुळे यंत्र काय काय करू शकतं हे त्याला माहीत आहे. समुद्राचं पाणी खेचून इंजिन गार ठेवणाऱ्या पंपात रबराची छोटी पंख्यासारखी चकती असते. तिची पाती झिजून तुटली की इंजिन तापतं, आणि ते नेमकं पुलाखाली किंवा खडकाजवळ तापतं असा समज आहे. आमच्याकडे अशा चकत्या इतक्या आहेत की त्या ओवून दाराला तोरण लावता येईल. डिझेलच्या टाकीत पाणी साचलं तर त्यात जंतू वाढतात, काळा चिकट गाळ धरतो आणि खळबळत्या समुद्रात तो ढवळून नळीत येतो. म्हणून फिल्टर. फिल्टर बदलताना हवा शिरते म्हणून आणखी एक पंप. त्या पंपाची वायर गंजते म्हणून कल्हई केलेली तांब्याची वायर. भीतीची एवढी पद्धतशीर वंशावळ मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आमच्या शेजारच्या धक्क्यावर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ असतात. ते नांगराला भितात, म्हणजे नांगर सुटण्याला. रात्री वारा फिरावा, नांगरानं तळ सोडावा आणि बोट गाढ झोपलेल्या मालकासकट दुसऱ्याच्या बोटीवर जावी, हे त्यांचं चित्र. त्यांच्याकडे तीन नांगर आहेत आणि तिन्हींबद्दल त्यांना तास-तास बोलता येतं. पाणी जितकं खोल, त्याच्या निदान पाचपट साखळी सोडावी आणि वारा वाढला की सातपट, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी आता विहिरीकडेही त्या हिशेबानं बघते. त्यांच्यामुळेच मला कळलं की बोटींवर सर्रास दिसणारा, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा सीक्यूआर नांगर जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये काढला. हे टेलर म्हणजे द्रवांच्या खळबळीचं गणित मांडणारे केंब्रिजचे मोठे शास्त्रज्ञ. खळबळ कशी होते ते समीकरणांत बसवल्यावरही त्यांना स्वतःच्या शिडाच्या बोटीसाठी चांगला नांगर लागलाच. मला या गोष्टीनं फार धीर येतो.

बोटीचा तळ हे प्रकरण तर वेगळंच. दोन मोठ्या पट्ट्यांच्या झोळीत घालून क्रेन तिला पाण्याबाहेर काढते, तेव्हा लाजच वाटते. वरून चकाचक दिसणाऱ्या बाईसाहेब, आणि खाली शेवाळ, चिखल आणि बार्नेकलची वसाहत. हे चुन्याच्या कवचातले बारके जीव एकदा चिकटले की हलत नाहीत आणि बोट निम्म्या वेगानं चालते. चार्ल्स डार्विननं आयुष्यातली आठ वर्षं या बार्नेकलांच्या अभ्यासात घालवली. थोर माणूस. पण त्याला पाठीवर झोपून, तोंडावर पडणारा चुरा चुकवत, ते पत्र्यानं खरवडावे लागले नव्हते. खरवडून झालं की तांब्याचा अंश असलेला रंग लावायचा. म्हणजे नवे जीव चिकटायला कचरतात. निदान फेब्रुवारीपर्यंत तरी कचरतात.

तळाशीच पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक गोळा बसवतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू जवळजवळ असले की त्यांची आपोआप बॅटरी होते आणि त्यातला एक झिजायला लागतो. तो महागडा काशाचा पंखा नसावा, म्हणून स्वस्त जस्त पुढे करायचं. सगळी झीज ते स्वतःवर घेतं, आणि दर थोड्या महिन्यांनी ते उरलंय किती एवढंच लोक वाकून बघतात. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेची मला फार आठवण आली. मी तसं बोललेही. नवरा म्हणाला, "अगं, पण जस्त बोलत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच संपतं ते."

डोलकाठीवर चढायचं काम त्याचं आणि त्याला वर ओढायचं काम माझं. कापडी झोपाळ्यासारखं आसन असतं, त्यात बसायचं. खाली दोर चक्रीवर गुंडाळून मी दांडा फिरवत राहायचं, की नवरा इंचाइंचानं आकाशात जातो. वर जाऊन तो डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा तपासतो. तारेवरून टिश्यूपेपर फिरवला की तुटलेलं बारीकसं टोक कागदाचे धागे पकडतं, आणि डोळ्यांना न दिसणारा दोष सापडतो. खिळीसारखी बारकी पिन जागच्या जागी आहे की नाही, तेही बघायचं. पाच-पंचवीस पैशांची ती पिन निसटली तर अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. या कामाला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात त्याचा जीव माझ्या हातातल्या दोरावर टांगलेला असतो. त्यामुळे घरातले जे विषय वर्षभर 'नंतर बोलू' म्हणून मागे पडतात, ते मी तेव्हा काढते.

"अहो, मुलीकडे नाताळाला जायचं की नाही ते ठरवलंत का?"

"जाऊ ना! तू म्हणशील तसं. आधी हळू सोड, हळू!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं मन लावून माझं बोलणं त्यानं जमिनीवर कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

माझ्या वाट्याला आलं कोठार. समुद्रावर जाणाऱ्यांचं याबाबतचं शास्त्र बारकाव्याचं आहे आणि मी ते आदरानं शिकले. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीत न्यायचं नाही, कारण त्याच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. डब्यांवरचे कागद काढून टाकायचे, कारण ओलीनं ते सुटतात आणि तळाच्या पंपात जाऊन अडकतात. मग आत काय आहे ते झाकणावर पक्क्या शाईच्या पेननं लिहायचं. मी ते मराठीत लिहिलं. राजमा, टोमॅटो, मका, अननस. पुढे शेजारच्या बोटीवरची एक बाई टोमॅटो मागायला आली आणि ओळीनं मांडलेले डबे बघून तिनं विचारलं की हे मंत्र आहेत का. मी नाही म्हटलं नाही.

अमेरिकेत दुकानातली अंडी धुऊन विकतात. धुण्यात वरचा नैसर्गिक थर जातो आणि मग ती फ्रीजशिवाय टिकत नाहीत. म्हणून शेतावरून न धुतलेली अंडी आणायची आणि अधूनमधून उलटी करत राहायची. भाज्यांत कोबी सगळ्यांत निगरगट्ट, आठवडेच्या आठवडे काही बोलत नाही. आणि जगभरचे लांब पल्ल्याचे खलाशी ज्या एका भांड्याचे गोडवे गातात, ते कुठलं, तर प्रेशर कुकर. गॅस वाचतो, आणि झाकण पक्कं बसलेलं असल्यामुळे बोट कितीही कलली तरी आमटी छताला लागत नाही. हे वाचल्यावर मला माझ्या आयुष्याला एकदम आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा आल्यासारखं वाटलं.

निघायच्या सुमारास दिवाळी. फराळाचा जन्म समुद्रासाठी झाला असावा असं माझं आता ठाम मत आहे. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे यांना फ्रीज लागत नाही, चूल लागत नाही, ताटलीही लागत नाही. एका हातात सुकाणू धरून दुसऱ्या हातानं खाता येतात. शिडाच्या जहाजांच्या काळात युरोपचे खलाशी मैदा, पाणी आणि मीठ यांची वीटभट्टीत भाजल्यासारखी बिस्किटं घेऊन जात आणि त्यांत अळ्या पडत. त्यात चार चमचे तूप आणि मूठभर साखर घालावी हे कुण्या दर्यासारंगाला सुचलं नाही, म्हणजे त्यांनी घरी कुणाला विचारलंच नसणार.

नवरा म्हणाला, "अगं, आपण दोघं आहोत. हे दहा जणांचं आहे."

मला भूक लागेल ही भीती नाहीच. मला भीती ती दुसरी. कुणीतरी होडी वल्हवत येईल, "येऊ का?" म्हणेल, आणि माझ्याकडे त्याच्यासमोर ठेवायला काही नसेल. अंधारात पाय ओले होण्याचं चित्र नवऱ्याला दिसतं, तसं मला हे दिसतं. पुढच्या बिछान्याखालच्या कप्प्यात त्याला समुद्राचं पाणी गोडं करायच्या यंत्राचे सुटे भाग ठेवायचे होते आणि मला पोहे. ३४ फुटांत दोन माणसांच्या भीती बसवायच्या म्हणजे वाटाघाटी आल्याच. शेवटी पोह्यांत गुंडाळलेले सुटे भाग असा तह झाला. पोहे धक्क्यापासून वाचवतात, हे त्यानं मान्य केलं. बोटीच्या कडेनं पाण्याच्या पातळीची जी रंगीत रेघ असते, ती तोवर पाण्याखाली गेली होती.

एवढं सगळं करून समुद्र यादी वाचतो का? जॉशुआ स्लोकम १८९५ मध्ये बोस्टनहून एकटा निघाला आणि १८९८ मध्ये जगाची प्रदक्षिणा पुरी करून परतला. एकट्यानं प्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्याचं चांगलं क्रोनोमीटर दुरुस्त करायला १५ डॉलर पडणार होते, म्हणून ते त्यानं घरी ठेवलं आणि वाटेत एक डॉलरला पत्र्याचं घड्याळ घेतलं, तेही काच फुटलेलं. त्याला पोहता येत नव्हतं. मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या बाजूला त्याच्या सर्वांत उपयोगी पडल्या त्या सतरंजीला मारायच्या चुका, आणि त्याही एका ओळखीच्यानं वाटेत दिलेल्या. रात्री झोपताना त्यानं त्या डेकवर पसरल्या, आणि अंधारात अनवाणी चढून आलेली मंडळी ओरडत परत पाण्यात गेली. हे कुठल्या यादीत बसणार? त्याच स्लोकमला पुढे हिवाळ्यात वेस्ट इंडिजकडे जायची सवय लागली. १९०९ च्या नोव्हेंबरात तो तसाच उबेकडे निघाला, त्याच बोटीतून, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. त्याला ती माहीत होती, आणि त्यानंही ती मला सांगितली नव्हती.

दुसरी गोष्ट मुंबईत बांधलेल्या बोटीची आहे, म्हणून ती मी सगळ्यांना सांगते. 'सुहाइली' ही ३२ फुटी बोट मुंबईत सागवानात बांधली. तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. अशी ती पहिलीच. डब्यांची रास, दोर, शिडं, सगळं घेतलं होतं. राहिलं काय, तर यंत्रातली फट मोजायची बारीक पात्यांची पट्टी, फीलर गेज. बाई गं, ती पट्टी बोटभर असते! त्यांनी पुस्तक घेतलं, २०० पानांचा एक इंच होतो हे मोजलं, आणि त्या हिशेबानं हवी तितक्या पानांची जाडी धरून फट लावली. पुस्तकं त्यांनी वाचायला नेली होती.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, की यादी संपली हे कळतं कसं? ते म्हणाले, यादी संपत नाही, थंडी पडते. त्यांची स्वतःची बोट आमच्या खाडीतली सगळ्यांत जय्यत तयार बोट आहे. तारा नव्या, शिडं नवी, साखळीवर दर पंचवीस फुटांना रंगाची खूण. ती गेली काही वर्षं धक्का सोडून फार लांब गेलेली नाही. आधी मला त्याचं वाईट वाटे. पण दर ऑक्टोबरात ते ज्या आनंदानं तळ घासतात, झडपांना ग्रीस लावतात आणि कपाटं रिकामी करून पुन्हा भरतात, तो बघितला की वाटतं, जायचं ते यांचं जाऊन झालेलं आहे. निघताना त्यांनी आम्हांला तिसरा नांगर दिला. कुठे ठेवायचा याचा अर्थात प्रश्न आला. तो माझ्या झोपायच्या जागेखाली आहे.

निघायचा दिवस ठरवणं हीही तयारीच. पाश्चात्त्य खलाशी शुक्रवारी प्रवासाला निघत नाहीत, त्यांच्यात तो अपशकून. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर बजावलं, अमावस्येला नाही. नवऱ्याला हवा होता थंडीची लाट नुकतीच सरकून गेल्यावरचा वायव्येचा वारा, कारण तो उपसागरातून सरळ खाली ढकलतो. या सगळ्यांतून उरला पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा. सासूबाई म्हणाल्या, बोट जुनीच आहे ना, मग अर्धा पुरे.

पुढचं थोडक्यात सांगते. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला आतल्या जलमार्गाचा शून्य मैल लागतो. तिथून नद्या, कालवे आणि खाड्या जोडत मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैल खाली जाता येतं आणि हॅटरसच्या भूशिराजवळचा खवळलेला समुद्र टळतो. वाटेतले न उघडणारे पूल बहुतेक ६५ फूट उंच आहेत. आपली डोलकाठी त्याहून बरीच बुटकी आहे हे कागदावर माहीत असतं, पण खालून बघताना दर वेळी ती आपटणारच असं दिसतं आणि दोघंही विनाकारण मान खाली घालतो. उघडणारे पूल रेडिओवर विनंती केली की ठरल्या वेळी उघडतात. दोन्हीकडे मोटारींची रांग लागते आणि तीतून माझा पोह्यांचा कप्पा ताशी पाच मैलांनी जातो. मुंबईत मंत्र्यांच्या गाड्यांसाठी उभं राहून काढलेल्या तासांची भरपाई मला उत्तर कॅरोलिनात मिळाली.

डिस्मल स्वॉम्प नावाच्या दलदलीतून जाणारा कालवा १८०५ मध्ये खुला झाला. गुलामांनी तो कमरेएवढ्या चिखलात उभं राहून हातानं खणला. तिथे आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. झाडांच्या साली आणि पानं यांच्या अर्कानं त्यातलं पाणी चहासारखं तपकिरी असतं, आणि बोटीच्या पांढऱ्या नाकाडावर त्याची मिशी उमटते. दक्षिणेकडच्या बंदरांत ती मिशी बघून लोक ओळखतात की ही मंडळी उत्तरेची.

अटलांटिक ओलांडून उबेकडे कसं जायचं याचा जुना खलाशी कानमंत्र असा, की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळ. आमच्या बोटीवर हे काम खोबरेलाच्या बाटलीनं केलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि वितळतं, हे ज्यांच्या घरात लहानपणी बाटली उन्हात ठेवत, त्यांना वेगळं सांगायला नको. व्हर्जिनियात ते दगड होतं. जॉर्जियात दुपारी कडेनं सुटायला लागलं. फ्लोरिडात एका सकाळी बाटली कलती झाली आणि आतला पांढरा गोळा अलगद तरंगला. नवऱ्याकडे उपग्रहावरून जागा सांगणारी दोन यंत्रं होती, तिसरं जास्तीचं. त्यानं बाटलीकडे बघितलं आणि शाल काढून ठेवली.

मग मात्र आम्ही दिवसच्या दिवस थांबून राहिलो. फ्लोरिडाहून बिमिनी जेमतेम ५० सागरी मैल, पण मधून गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहत असतो. वारा उत्तरेचा असेल तर तो प्रवाहाच्या उलट पडतो आणि उभ्या भिंतींसारख्या लाटा उठतात. थंडीच्या दोन लाटांच्या मधे वारा फिरून दक्षिणेचा होतो, तेवढ्या फटीतून पार जायचं. अशी फट सापडण्याच्या आशेवर बंदरात रोज तीच तीच माणसं आकाशाकडे बघत उभी असतात, आणि प्रत्येक जण हातातलं काहीतरी उगाच दुरुस्त करत असतो.

इंजिन तापलं नाही. झडप तुटली नाही. नांगर सुटला नाही. बहामाच्या पाण्यात आम्ही पोहोचलो, तळ दिसतो इतकं स्वच्छ पाणी बघायला नवरा कठड्यावरून वाकला, आणि त्याचा वाचायचा चष्मा खिशातून निसटून त्या स्वच्छ पाण्यात गेला. बराच वेळ खाली जाताना दिसत होता. बोटीवर प्रत्येक वस्तूचा सुटा भाग होता आणि प्रत्येक सुट्या भागाचं माहितीपत्रक होतं, बारीक अक्षरातलं. माझा चष्मा लांबचा.

एक्झुमातल्या जॉर्ज टाउनला या मंडळींनी भित्र्यांचं बंदर असं नाव ठेवलं आहे. कॅरिबियनपर्यंत जायचं म्हणून निघालेल्या किती तरी बोटी इथपर्यंत येतात, पुढच्या प्रवासाची यादी करायला बसतात आणि हिवाळा इथेच काढतात. शेकडो बोटी नांगरलेल्या असतात. किनाऱ्यावर व्हॉलीबॉल चालतो. सकाळी आठ वाजता सगळे रेडिओ लावतात. हवामान सांगून झालं की कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय जास्तीचं आहे याची घोषणा करायची वेळ येते. मी तिथे पहिल्यांदा बोलले ती चष्म्यासाठी, अडीच नंबरचा. तीन बोटींनी उत्तर दिलं. त्यांतल्या एकीवरच्या आजोबांकडे अडीच नंबरचे चष्मे डझनभर होते, कारण ते घरून निघाल्यापासून याच एका गोष्टीला भीत होते. ते दुपारी होडी वल्हवत आले आणि चष्मा हातात देऊन आत बसले. नवऱ्यानं त्यांना पंपाची एक रबरी चकती दिली. मी चकलीचा डबा उघडला. तो रिकामा होता, पण शेव होती, आणि लाडूही होते.